यशवंताची बाजू

माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांइतका हट्टी माणूस प्रवरेच्या दोन्ही काठांवर कुणी पाहिला नसेल. नात्यानं ते माझे दाजी, पण संगमनेरात त्यांना सगळेच दाजी म्हणायचे, त्यांच्याहून वयानं मोठी असलेली माणसंसुद्धा. नाशिक-पुणे रस्त्यावर, एसटी स्टँडच्या थोडं अलीकडे त्यांचं सायकलींचं दुकान होतं. 'सायकली भाड्याने मिळतील व दुरुस्त करून मिळतील' अशी पाटी होती. त्यातला पहिला अर्धा भाग बराचसा खरा होता. दुरुस्तीला टाकलेली सायकल मात्र दुकानात कबड्डीचा विषय निघाला नाही तरच त्या दिवशी मिळायची, आणि तो निघाला नाही असा दिवस माझ्या तरी पाहण्यात नाही. मी पिठाची गिरणी चालवते. गिरणीची सायकल एकदा पंक्चर काढायला दिली, तर आठवडाभर गडी डोक्यावरून पिठाचे डबे पोचवत होता. मी जाब विचारायला गेले, तेव्हा माझी सायकल जमिनीवर आडवी पडली होती आणि दाजी तिच्यावरून उडी मारून दाखवत होते. "ही मध्यरेषा समज," ते मला म्हणाले.

दाजींचं म्हणणं एकच होतं. या खेळात जो काय मोठा गडी व्हायचा तो होऊन गेला, आणि त्याचं नाव यशवंता. कबड्डीला आमच्याकडं हुतूतू म्हणत होते तेव्हाचा हा यशवंता. दाजींनी त्याला पोरवयात कुठल्याशा जत्रेत खेळताना पाहिलं होतं. आम्ही कुणी पाहिलेलं नव्हतं. पण त्यानं काही अडलं नाही, कारण दाजी सांगत राहायचे आणि यशवंता वाढत राहायचा. माझं लग्न झालं तेव्हा तो चार जणांना अंगावर घेऊन रेषेपर्यंत यायचा. माझी पोरं शाळेत जायला लागली तोवर आठ जण झाले. मी म्हटलं, "दाजी, संघात सातच गडी असतात ना?" तर शांतपणे म्हणाले, "तवा नऊ असायचे." मी पुढं खात्री करून घेतली, खरंच नऊ असायचे. त्यांच्याशी वाद घालणं हे असं अवघड होतं.

तरी रोज वाद घालणारा एक माणूस होता. आमच्या गल्लीतले निवृत्त पोस्टमास्तर. दुपारचा चहा झाला की छत्री घेऊन ते दुकानात यायचे आणि उलट्या ठेवलेल्या खोक्यावर बसायचे. ते नव्याच्या बाजूचे. "दाजी, जुनं ते सगळं लांबून मोठं दिसतं," असं ते म्हणाले की दाजी हातातला पाना खाली ठेवायचे. मग खडूनं फरशीवर मैदान आखलं जायचं आणि दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला एकेक जागा दिली जायची. अकोले तालुक्यातले एक म्हातारे शेतकरी चाकात हवा भरायला आले होते, त्यांना डाव्या कोपऱ्यावर उभं केलं. गृहस्थ इतके सज्जन, की वाद संपेपर्यंत हात पसरून उभे राहिले. शेवटी हवा न भरताच सायकल ढकलत गेले. आमची अक्का, म्हणजे माझी ही थोरली बहीण, या सगळ्याला सरावली होती. तिला बघायला आले तेव्हासुद्धा दाजींनी तिला काही विचारलं नव्हतं. आमच्या भावाला तेवढं विचारलं होतं, "तुमच्या गावात दम चांगला असणारं कोण हाय?"

मोठा दुष्काळ पडायच्या आदल्या थंडीत संगमनेरात जिल्ह्याच्या वजनी गटाच्या स्पर्धा भरल्या. पंचावन्न किलोच्या आतल्या गड्यांच्या. आमच्या गावाच्या संघात किसन नावाचा चढाईपटू होता, त्याच्यावर पोस्टमास्तरांचा सगळा भरवसा. हा किसन मूळचा पुणतांब्याचा. शिकायला म्हणून संगमनेरात आला, नापास झाला आणि खेळायला म्हणून राहिला. अंगानं किरकोळ, पण पाय असे चालायचे की बघणाऱ्याची मान दुखावी. आणि डोक्यावर सिनेमातल्यासारखे केस, कपाळावर मुद्दाम सोडलेली बट. त्याच्या बापानं निरोप धाडला होता, "नोकरी लागत असंल तर ऱ्हा, न्हाईतर उसाला पाणी द्यायला घरी ये." साखर कारखान्याला आपल्या संघासाठी गडी हवे होते. कारखान्याचे साहेब उपांत्य फेरी बघायला येणार, आणि जो आवडेल त्याला हजेरी कारकुनाची जागा देणार, हे पक्कं होतं. म्हणजे किसनचं पुढचं आयुष्य त्या एका सामन्यावर ठरणार होतं.

सोडत निघाली आणि समोर आला नागापूरच्या कारखान्यांतल्या कामगारांचा संघ. झालं. दुकानातला खडू संपला. नागापूरचा डावा कोपरा घोट्यात पकड घालतो, तेव्हा किसननं उजवीकडूनच शिरावं, असं पोस्टमास्तरांचं मत. "यशवंता डाव्याच कोपऱ्यावर गेला असता," दाजी म्हणाले, "आन् कोपराच उचलून आणला असता."

"यशवंताच्या वेळी असे कोपरे होते कुठे?"

"यशवंताच्या वेळी पोरं खात हुती! आताची चहा-खारीवर खेळत्यात. यशवंता एका बैठकीला वीस पुरणपोळ्या हाणायचा, वर वाटीभर तूप."

"आमचा किसन एकवीस खाईल."

"मग बसवा पंगतीला."

माझ्या बहिणीला हे कळलं ते हरभऱ्याची डाळ घरात येऊन पडली तेव्हा. सामन्याच्या आदल्या दुपारी पाट मांडले गेले. मी लाटायला मदत करायला गेले होते. मधे किसन, एका बाजूला दाजी, दुसऱ्या बाजूला पोस्टमास्तर. पोराला वडीलधाऱ्यांना नाही म्हणता येईना. बारा पोळ्या झाल्यावर तो म्हणाला, "अक्का, बास. लई झालं."

"बघा," दाजी खूश झाले. "यशवंता या टायमाला आत्ता कुठं मांडी बदलायचा."

"किसन," पोस्टमास्तर अगदी गंभीरपणे म्हणाले, "नव्या पिढीची अब्रू तुझ्या ताटात आहे."

किसननं मांडी बदलली आणि नव्या पिढीची अब्रू राखली. एकविसावी पोळी पोटात गेली तेव्हा पोस्टमास्तरांनी टाळ्या वाजवल्या. दाजी म्हणाले, "यशवंताच्या पोळ्या आकारानं मोठ्या हुत्या." मी तव्यापुढून उठून पदरानं तोंड पुसत बाहेर आले आणि विचारलं, "मागच्या वर्षी तक्रारी झाल्या म्हणून उपांत्य फेरीआधी पुन्हा वजनं घेणार होते ना? ती कधी आहेत?"

किसनचं बोट तुपाच्या वाटीत होतं, ते तसंच राहिलं.

"उद्या सकाळी," तो म्हणाला.

सगळे गिरणीत आले. माझ्याकडे पोती तोलायचा मोठा काटा आहे. एका पारड्यात किसन मांडी घालून बसला, दुसऱ्यात मी वजनं ठेवली. पंचावन्न झाली तरी किसन जमिनीवरच. वर दोन किलोचं वजन टाकलं तेव्हा पारडी समोरासमोर आली.

"काटा बरोबर हाय का?" दाजींनी विचारलं.

"निम्मं गाव या काट्यावर दळण मोजून नेतं, दाजी."

किसन पारड्यातच बसून राहिला. "बापाला काय सांगू?" तो म्हणाला. "जेवलो म्हनून नोकरी गेली?"

दाजी ते ऐकून एकदम उठले. त्यांनी जाऊन दुकान बंद केलं, भर दिवसा. घरातून दोन घोंगड्या आणल्या. एक किसनच्या अंगावर टाकली आणि दुसरी स्वतःच्या. "एकट्या पोराला पळवणं बरं दिसत न्हाई," म्हणाले. पन्नाशी उलटलेला माणूस, पोटात आठ-दहा पोळ्या. दोघं नदीच्या वाळूतून पळायला लागले. पोस्टमास्तर छत्री उघडून एका धोंड्यावर बसले आणि तिथून म्हणाले, "यशवंताच्या वेळी वजनं घेत नसत, म्हणून त्याचं फावलं." दाजी पळता पळता ओरडले, "त्याला लागतच न्हवतं वजन!" मला काही त्यांच्यासारखं पळता येणार नव्हतं. मी संध्याकाळी दळण संपल्यावर इंजिनच्या खोलीची दारं-खिडक्या बंद केल्या आणि किसनला घोंगडीत गुंडाळून आत बसवलं. ऑइल इंजिन तापलं की त्या खोलीत उभं राहवत नाही. पाणी बंद. चाटायला लिंबाची अर्धी फोड. दाजी दाराशी बसून होते. त्यांनीही पाणी घेतलं नाही. मी सांगितलं, "तुम्हाला कुणी तोलणार नाही, तुम्ही प्या." त्यांनी नाही म्हणून मान हलवली.

सकाळी पारड्यात बसवलं तर अजून छटाकभर जास्त. अंगावर लंगोटाखेरीज काही नव्हतं. आता काय काढायचं? मी त्याच्या डोक्याकडे पाहिलं.

"न्हाई मावशी," किसन पटकन म्हणाला. "केस न्हाई."

"छटाकभर तरी भरतील."

"न्हाई म्हनलं ना. साहेबासमोर तसं उभं ऱ्हायचं व्हय?"

दाजी काही न बोलता न्हाव्याला घेऊन आले आणि स्वतः त्याच्यापुढं बसले. "आधी माझे काढ," म्हणाले. दाजींचे केस चांगले होते, काळे आणि दाट. अक्काला त्यांचं कौतुक होतं. ते खाली पडले, आणि मग किसन मुकाट्यानं जवळ सरकला. दोघं तुळतुळीत डोक्यांनी गल्लीतून मैदानाकडे निघाले, तेव्हा शेजारच्या बाया घाबऱ्याघुबऱ्या अक्काकडं धावल्या. "अगं, कोण गेलं?"

अक्का दारात परात घासत होती. "पुरणपोळ्या गेल्या," ती म्हणाली.

वजन बसलं. संघात किसनचं नाव राहिलं. पण दुपारी सामना सुरू झाला तेव्हा बायकांच्या बाजूला बसून मला दिसत होतं की पोराचे ओठ पांढरे पडलेत. पहिल्या दोन चढायांत त्यानं दोन गडी टिपून आणले आणि पोस्टमास्तरांची छत्री हवेत गेली. नंतर त्याला दम पुरेना. कबड्डी-कबड्डी म्हणत आत शिरायचा आणि मधेच आवाज तुटायचा. शेवटच्या चढाईत रेषा हातभर राहिली असताना दम सुटला आणि पंचांनी हात वर केला. नागापूर जिंकलं. कारखान्याचे साहेब उठले, चष्मा पुसला आणि जीपकडे चालू लागले. किसन मैदानात गुडघ्यांवर बसून होता. तो साहेबांकडे बघतसुद्धा नव्हता.

दाजी जीपसमोर जाऊन उभे राहिले. मी त्यांच्यामागे गेले, कारण ते काय करतील याचा नेम नव्हता. साहेबांनी ते गुळगुळीत डोकं पाहून आवाज खाली आणला. "घरी काही झालंय का?"

"न्हाई साहेब. मी त्या पोराला काल एकवीस पोळ्या खाऊ घातल्या. मग दोन किलो उतरवले. रातभर त्याच्या पोटात पाणी न्हवतं. आज जे दिसलं ते त्याचं न्हाई, माझं हाय."

"बरं."

"मी चाळीस वर्सं हा खेळ बघतोय." इथं दाजी थांबले. पोस्टमास्तर माझ्या शेजारी येऊन उभे होते. दाजींनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं. "असा गडी मी बघितला न्हाई. यशवंतापरीस मोठा हाय त्यो."

ते वाक्य ऐकायला पोस्टमास्तर कित्येक वर्षं त्या खोक्यावर बसत आले होते. पण त्यांनी नुसती छत्री या हातातून त्या हातात घेतली.

साहेबांनी विचारलं, "यशवंता कोण?"

दाजींनी तोंड उघडलं आणि मिटलं. "हुता एक," ते म्हणाले.

साहेबांनी मैदानात बसलेल्या किसनकडे एकदा पाहिलं. मग म्हणाले, "पहिल्या दोन चढाया चांगल्या होत्या. सोमवारी कारखान्यावर पाठवा. जेवून पाठवू नका."

किसनला नोकरी लागली. केस वाढेपर्यंत टोपी घालून हजेरी घ्यायचा म्हणतात. दुकानात मात्र गंमत राहिली नाही. पोस्टमास्तर यायचे, बसायचे, पेपर वाचायचे. किसनचा विषय काढला तर तो टोचून बोलल्यासारखा वाटेल म्हणून काढत नव्हते, आणि यशवंताचा काढायला त्यांना जागाच उरली नव्हती. दाजी मान खाली घालून चाकं सरळ करत बसायचे. अक्का म्हणाली, "यांना कावीळबिवीळ झाली असेल, तू डॉक्टरांना सांगून बघ." डॉक्टरांकडे यावर औषध नव्हतं. एक दिवस मीच गेले, उभ्या उभ्या म्हटलं, "किसन चांगलाच आहे, पण यशवंताची सर त्याला नाही."

दाजींनी वर पाहिलं. "तू बघितलंस व्हय यशवंताला?"

"मी कुठं? तुम्ही पाहिलंय ना."

ते हातातली चेन चाचपत राहिले. केस पुन्हा आले होते, पण पांढरे. "बघितलाय," ते म्हणाले. "पर आता नीट दिसत न्हाई गं. डोळे मिटले की किसनच येतो."

पोस्टमास्तरांनी पेपर घडी घालून बाजूला ठेवला. "मला दिसतो," ते म्हणाले. या माणसानं जन्मात यशवंताला पाहिलं नव्हतं. पण जत्रेचं मैदान, यशवंताचा लाल लंगोट, रेषेवर वाकून मातीला हात लावणं, पहिली हूल, सगळं त्यांनी सुरुवातीपासून सांगायला घेतलं, जसं रोज ऐकलं होतं तसं, एकही गोष्ट न गाळता. दाजी डोळे मिटून ऐकत होते आणि मधूनमधून हळूच "व्हय, व्हय" म्हणत होते.