अलार्म वाजला होता

कुरकुंभवरून जाताना एसटीच्या खिडकीतून तो उग्र वास आला, की मला एक दुपार आठवते. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. हे तिथल्याच एका केमिकल कंपनीत कामाला होते आणि आमचं घरही कंपनीपासून जवळच होतं. आत मोबाइल नेता येत नाही, म्हणून यांचा फोन घरीच असायचा. त्या दुपारी कामाच्या ग्रुपवर इंग्रजीत मेसेज आला, ‘अलार्म वेन्ट ऑफ’. ऑफ म्हणजे बंद, एवढं मला कळत होतं. “आबा, अलार्म बंद झालाय,” मी सासऱ्यांना सांगितलं. “मंग बरंच झालं की,” म्हणत ते पुन्हा आडवे झाले. पण वास वाढत होता, डोळे चुरचुरत होते. शेजारच्या बाई शाळेत इंग्रजी शिकवायच्या, त्यांना मेसेज दाखवला. “अगं, बंद नाही, वाजलाय तो!” दिवा गेला ऑफ तर विझतो, दूध गेलं तर नासतं, अलार्म मात्र वाजतो, असं त्या सांगत होत्या आणि मी अनवाणीच रस्त्याकडे निघाले होते. येणाऱ्या प्रत्येक मोटारसायकलवर यांचा चेहरा शोधत होते. शेवटी हे आले, खोकत, लालबुंद डोळ्यांनी. मागून धापा टाकत आलेल्या आबांनी विचारलं, “अलार्म वाजला व्हता का रं?” “वाजला म्हणून तर समदे बाहेर पळालो, आबा.” मला धीर देणारा तो पहिला अर्थच खरा असता तर, या विचारानं अजूनही माझा जीव थाऱ्यावर राहत नाही.