टोंगळ्याचं सरबत

टोंगळा म्हणजे आमच्या वऱ्हाडात गुडघा. माझा उजवा टोंगळा एकसष्टच्या मे महिन्यात शेजाऱ्यांच्या भांडणात कामी आला. भांडण त्यांचं, मी फक्त स्टुलावर चढून भिंतीपलीकडलं ऐकत होतो. ऐन मुद्द्यावर स्टूल कलंडलं. अकोल्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी गुडघ्यातली फाटलेली चकती काढली आणि बजावलं, "फडक्यावरून बर्फाची पिशवी ठेवायची. वीस-वीस मिनिटं, दिवसातून पाच वेळा. सोमवारपर्यंत सूज उतरली नाही, तर टाके उसवून पुन्हा आत पाहावं लागेल."

पुन्हा चिरणार म्हटल्यावर मी बायकोला लगेच बर्फाच्या कारखान्यावर पिटाळलं.

वॉर्डात आया होती मनकर्णाबाई. मूळची तेल्हाऱ्याची, एकटीच्या पगारावर दोन पोरी शिकवणारी. छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हापासून कोणापुढे मान खाली घालून बोलायची नाही. डॉक्टरांनाही "हात धुतले का जी?" विचारायची, मग माझी काय कथा!

माझी बायको सत्यभामा कारखान्यातून बर्फ आणायची, भुशात घालून, पोत्यात गुंडाळून. पण भेटायला येणारे उन्हातून यायचे, गावभरच्या बातम्या घेऊन. कोरड्या घशातून बातमी निघते का? तोच बर्फ घालून मी लिंबाचं सरबत सुरू केलं. आमचे दुसरे शेजारी नत्थुजी पहिल्या ग्लासाला हवापाण्यावर बोलायचे, दुसऱ्याला सासू-सुनेवर यायचे. मी तिसराही पाजायचो. पिशवीत उरायचं कोमट पाणी.

गुरुवारी मनकर्णाबाईनं पट्टी सोडली. टोंगळा टरबुजासारखा!

"काहून जी भाऊ, बर्फ जाते कुठी?"

"ऊनच तसं आहे ना बाई. वितळते."

तिनं नत्थुजींच्या हातातला ग्लास पाहिला. गोड आवाजात म्हणाली, "प्या जी, प्या. दोन डाव टोंगळ्यावर ठेवून झाला तो बर्फ. वाया कायले घालवाचा?"

नत्थुजींचा घोट खिडकीबाहेर गेला. मागोमाग तेही गेले.

चार दिवस माझ्याकडे कुत्रं फिरकलं नाही. सगळा बर्फ टोंगळ्याला, आणि बातम्यांचा कडकडीत उपास. सोमवारी सूज उतरली, ठणकाही गेला. डॉक्टरांनी चाकूचं नाव काढलं नाही.

निघताना मी हळूच विचारलं, "बाई, खरं सांगा, तो बर्फ टोंगळ्यावरचा होता?"

"तुमच्या टोंगळ्यानं बर्फ पाह्यला होता कवा? सारा तं तुमी लोकायले पाजून राहिले होते!"

हे मी नत्थुजींना शपथेवर सांगितलंय. पण गावभर जायची ती बातमी तोवर गेली होती. आजही ते भर उन्हात घरी आले, की दारातूनच ओरडतात, "वहिनी, मले चहा. गरम!"