तेरणामामांची येळवस

तेरणामामांना कुणी पत्ता विचारला, तर ते गाव सांगायचे नाहीत, तेरणा नदी सांगायचे. "बालाघाटात उगम, मांजरेत संगम. मधल्या वळणावर द्राक्षं दिसली की तिथंच मी." ते माझ्या बायकोचे थोरले भाऊ. माझं शेत त्यांच्या समोरच्याच काठावर, पण तेरणेचा म्हणून मला कुणी ओळखलं नाही.

त्यांची बाग वाइनच्या द्राक्षांची. मणी बारीक, साल जाड, खायला तुरट. मामा स्वतः दारूला शिवत नसत. पण बागेत पाहुणा आला की त्याला दोन हजार वर्षं मागं न्यायचे. "रोमची दारू मातीच्या घड्यांतून ह्या आपल्या तेर गावाला यायची. आता आमी उलटी धाडणार!" माल प्रत्यक्षात नाशिककडं जायचा, हे मला ठाऊक होतं. एकदा मी विचारलं, "मामा, दोन हजार म्हणजे नेमकी किती?"

"दाजी, पावती पायजे का काय? रोमचा शिक्का मारून आणू?"

सगळे हसले. सर्वांत मोठ्यानं हसली माझी लेक सई. ते मला लागलं. तिला पाढे मी शिकवले, तापात उशाशी मी बसलो. गोष्ट ऐकायला मात्र ती नदीपलीकडं पळायची.

येळवसीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावस्येला, आमच्याकडं सगळे शेतात जेवतात. मी दरवर्षी कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, बांधायचो. आंबील, भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, कशातच कमी नसायचं. पूजा उरकली की सई म्हणायची, "बाबा, मी मामाकडं जेवते." बायकोही डबा उचलायची. पलीकडून मामांची हाक यायची, "दाजी, तुमीबी या की! तिथं एकटं काय मोजत बसलाव?"

शेत राखायला कुणीतरी हवं, असं सांगून मी कधी गेलो नाही.

गेल्या उन्हाळ्यात मामा गेले. त्यांच्या पोरांनी बाग काढून सोयाबीन केलं.

यंदा सई आपणहून आमच्या कोपीत बसली. इतकी वर्षं मला हेच हवं होतं. आम्ही तिघंच, पण तिनं चौथी पत्रावळ मांडली. "आधी मामाला वाढा, बाबा."

मी वाढलं. हात आखडला नाही. तरी सईनं स्वतःच्या पानातला एक उंडा उचलून त्या पानावर ठेवला. माझ्याकडं पाहिलंही नाही.

मग मीही ठेवला. एकानं भागलं असतं, पण मी माझे दोन्ही ठेवले.