एक्स्चेंजबाईंचा कॅमेरा

घरात कॅमेरा बसवायचा, असं चिरंजीवांनी फोनवर जाहीर केलं तेव्हा एक्स्चेंजबाई भाजी चिरत होत्या. सुरी तशीच हातात धरून त्या म्हणाल्या, "का रे बाबा? मी काय सराफाचं दुकान आहे?"

"आई, चेष्टा नकोय. एक तर कॅमेरा, नाहीतर सरळ आमच्याकडे राहायला ये. तू ठरव."

आता ही काय बोलायची रीत झाली? ज्याला बोट धरून चालायला शिकवलं तो आईला अटी घालतो! बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण जोरात काही बोलावं तर मुद्दा त्याच्याच बाजूचा होता. मध्यंतरी बाई न्हाणीघरात घसरल्या होत्या आणि मनगट मोडून तिथेच पडून राहिल्या होत्या. शेजारीण वाटीभर साखर मागायला आली म्हणून कळलं तरी. ती आली तेव्हा बाई पडल्या पडल्या गळक्या नळाच्या नावाने प्लंबरचा उद्धार करत होत्या. प्लास्टर निघालं, पण मनगट अजून ठणकायचं, आणि चिरंजीवांना तेवढं निमित्त पुरेसं होतं.

त्यांच्याकडे राहायला जायचं म्हणजे दूरच्या शहरात, उंचावरच्या फ्लॅटमध्ये. सूनबाईंनी इस्त्रीची खोली रिकामी करून ठेवली होती, तिचे फोटोसुद्धा पाठवले होते. पोरगी मनाने चांगली, त्यात वाद नाही. पण तिथे बाईंनी दिवसभर करायचं काय, लिफ्टची ये-जा मोजायची? इथे त्यांच्या दाराची किल्ली त्यांच्या कमरेला होती. इथल्या वाण्याशी भांडायचा त्यांना हक्क होता. हे घर सोडायचं नाही, एवढं एकच त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. त्यासाठी कॅमेरा तर कॅमेरा.

बाईंना सगळी गल्ली एक्स्चेंजबाई म्हणते ते उगीच नाही. त्यांची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड, हाताशी दोऱ्यांची रांग. कुणाचा कॉल आला की दोरी उचलायची, हव्या त्या भोकात खुपसायची, दोघांची गाठ घालून द्यायची आणि आपण बाजूला व्हायचं. बोलणं संपलं की दिवा लागायचा, दोरी ओढून जागेवर ठेवायची. ज्या मुलीच्या बोर्डावर बोलणं संपल्यावरही दोरी लटकलेली दिसली, तिची सुपरवायझरबाई सगळ्यांसमोर खरडपट्टी काढायच्या. आणि लाइनवर कान लावून ऐकत बसणाऱ्या मुलीला तर दुसऱ्या दिवशी बोर्डासमोर बसू देत नसत. पुढे बोर्ड भंगारात गेले, बाई निवृत्त झाल्या, यजमान गेले. आवाजातली जरब तेवढी शिल्लक राहिली. पलीकडच्या फाटकातून कुत्रा भुंकला आणि बाईंनी नुसतं "कोण आहे रे?" म्हटलं, तर कुत्रा गप्प होतो.

इलेक्ट्रिशियनने येऊन बैठकीच्या खोलीत कपाटावर कॅमेरा बसवला. मग चिरंजीवांनी सांगितलं की खरं काम पुढेच आहे. कॅमेऱ्याच्या कंपनीमार्फत चित्र बघता येतं, पण आपल्या घरातलं चित्र परक्यांच्या मशीनवरून फिरायला नको. ते थेट त्याच्या फोनवर यायला हवं. त्यासाठी राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग करायचं.

"ते काय असतं?"

"म्हणजे बघ, बाहेरून जे काही येतं ते आधी राउटरवर येतं. आलेलं कुणाकडे पाठवायचं हे त्या डब्याला आपण सांगून ठेवायचं. ह्या नंबरावर कुणी आलं तर कॅमेऱ्याकडे सोड, असं."

"अरे, मग सरळ एक्स्टेंशन म्हण की! एवढं लांबण लावून काय सांगतोस?"

चिरंजीव हसले. त्या हसण्याचा बाईंना थोडा राग आला, पण कामात जीव रमला हेही खरं. कॉम्प्युटरवर राउटरचं पान उघडलं. पासवर्ड डब्याच्या बुडाला चिकटवलेला होता, तो भिंग लावून वाचला. बाहेरचा नंबर, आतला पत्ता, कॅमेऱ्याचा नंबर, सगळं एकेक करून भरलं. ठिपका राहिला म्हणून एकदा, रकाना चुकला म्हणून एकदा, असं दोनदा पुन्हा भरलं. मधेच चिरंजीव "अगं आई, डावीकडे, डावीकडे!" म्हणून ओरडले तेव्हा बाईंनी त्याला सुनावलं, "मला डावं-उजवं कळतं. तुला बूट कुणी घालायला शिकवले?" शेवटी चौकटीत टिक केली, सेव्ह केलं, आणि तिकडून आवाज आला, "दिसतेयस! आई, तू दिसतेयस!"

बाईंनी केस सारखे केले. थोडं बोलणं झालं, सूनबाईही दोन शब्द बोलली, फोन ठेवला. मग बाईंनी शांतपणे चौकटीतली टिक काढली, सेव्ह केलं, कॉम्प्युटर बंद केला आणि चहा टाकला. हे करताना त्यांनी काही विचार केला नाही. हाताला इतक्या वर्षांचं वळण होतं.

दुसऱ्या दिवशी चिरंजीवांचा ऑफिसातून फोन आला. "आई, चित्र येत नाहीये."

"थांब हं." बाईंनी पान उघडलं, टिक केली. "आता बघ."

"आलं. काय केलंस?"

"काय करणार? तूच सांगितलंस तेच."

पुन्हा बोलणं झालं, पुन्हा बाईंनी टिक काढली. त्यानंतर हे रोजचंच झालं. त्याचा फोन यायचा, चित्र यायचं, आणि तरी तो कुरकुरायचा, "तुमच्याकडची लाइन सारखी पडतेय." बाईंनाही ते पटलं. त्याने फोन केल्यावर तर त्या कॅमेरा लगेच दाखवत होत्या, म्हणजे मधल्या वेळात लाइनच पडत असणार. आधी फोन न करता कुणी कुणाच्या घरात डोकावत असेल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नाही.

मग त्यांनी इंटरनेटच्या कंपनीला धारेवर धरलं. मदत केंद्राला फोन केला की आधी बराच वेळ गाणं ऐकवायचे, मग कुणीतरी मधाळ आवाजात म्हणायचं, "राउटर बंद करून परत चालू करा." रोज तेच. "अहो, ताप आला तरी बंद करून चालू करा म्हणाल!" बाई कडाडल्या, तरी तिकडचा मध काही आटला नाही. शेवटी बाई छत्री घेऊन कंपनीच्या ऑफिसात गेल्या. तिथे काउंटरमागे एक टाय लावलेला गृहस्थ होता. तो बहिऱ्याशी बोलावं तसा मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून बोलू लागला. "आजी, घरात, कुणी, मोठं माणूस, आहे का?"

मोठं माणूस! केस पांढरे झाले, मूल वाढवलं, नवरा पोहोचवला, अख्ख्या शहराची बोलणी ह्या हातांनी जुळवली, आणि हा विचारतो घरात मोठं माणूस आहे का!

"आहे ना," बाई म्हणाल्या. "तुमच्यासमोर उभं आहे. तुमच्याकडे असेल एखादं तर बोलवा बाहेर."

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. गृहस्थांनी मुकाट्याने तक्रार नोंदवली. बाई विजयी मुद्रेने घरी आल्या खऱ्या, पण दारातच त्यांना सकाळचा फोन आठवला. चिरंजीव म्हणाले होते, "आई, बस झालं. तुला हे जमत नाहीये, आणि त्यात तुझी काही चूक नाही. शनिवारी गाडी घेऊन येतो. लागेल तेवढं सामान बांधून ठेव." त्यात तुझी काही चूक नाही! लहान मुलाने दूध सांडल्यावर म्हणतात ना, त्या सुरात. बाईंना रडू आलं नाही. त्यांनी दोन भांडी घासली, ती मात्र जरा जास्तच जोरात घासली.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा लाइनवाला आला. त्याने वायर पाहिली, डबा पाहिला, राउटरचं पान उघडलं आणि भुवया वर केल्या. "सगळं भरलंय की बरोबर. पण टिक कुणी काढली?"

"मी."

"का?"

"बोलणं संपलं होतं म्हणून."

लाइनवाला आधी गोंधळला, मग त्याला हसू फुटलं. त्याने बाईंच्या फोनवरूनच चिरंजीवांना सांगितलं, "साहेब, लाइन ठणठणीत आहे. तुमच्या आईच रोज बंद करतात." आणि पिशवी उचलून तो हसत हसतच गेला. फोनवर चिरंजीवसुद्धा हसत होते. बाईंच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. चूक आपली निघाली, कंपनीवर फुकट तोंडसुख घेतलं, ह्याची लाज होतीच. पण तिच्याखाली आणखी काहीतरी ठसठसत होतं, आणि ते त्यांना आत्ता कुठे कळू लागलं.

"अगं आई, ते कायम चालू ठेवायचं असतं," चिरंजीव म्हणाले. "मला मधेच वाटलं की मी बघतो. मीटिंग संपली, जेवण झालं, की जरा उघडून बघायचं."

"मला न सांगता?"

"सांगायचं काय त्यात?"

"मी कपडे बदलत असले तर? रडत बसले असले तर? तू बघतोयस हे मला कसं कळणार?"

"नाही कळणार. पण आई, मी काय परका आहे?"

"परक्यासाठी तर आम्ही नियम पाळायचो रे!" बाईंचा आवाज चढला. "ज्यांची तोंडं कधी पाहिली नाहीत, त्यांचं बोलणं हातात असून ऐकलं नाही. आणि तू पोटचा मुलगा, तू माझ्या घरात चोरपावलांनी फिरणार? वर माझ्याच हाताने दार उघडं करून घेणार? आणि मी ते रोज लावून घेतलं तर मला म्हणणार, तुला जमत नाही?"

"मग तू पडलीस तर? फोन कोण उचलणार, सांग ना!"

प्रश्न खरा होता, आणि तो विचारताना त्याचा आवाज फाटला होता. न्हाणीघरातल्या त्या दिवसाची धास्ती फक्त आपल्यालाच आहे, असं त्या धरून चालल्या होत्या.

"फोन उचलला नाही, तर समज पडले," त्या सावकाश म्हणाल्या. "किल्ली मी शेजारणीकडे देते. तिला फोन कर, ती धावत येईल. न्हाणीघरात तर तुझा कॅमेरा पोहोचतच नाही. आणि इथे पडलेली दिसले असते, तरी तिथून तू मला उचलणार कसा होतास?"

"शनिवारी येतोय," एवढं म्हणून चिरंजीवांनी फोन ठेवला.

बाईंनी त्याच संध्याकाळी किल्ली शेजारणीला दिली. सामान बांधलं नाही. माळ्यावरची बॅग खालीसुद्धा काढली नाही. पण कुलूप लावलेलं घर कसं दिसेल, हे मनात येत राहिलं, आणि जेवण काही गेलं नाही. कॅमेरा कपाटावर तसाच होता. एकदा त्यांनी त्याच्यावर टॉवेल टाकला, मग स्वतःचाच राग येऊन काढला. भांडण त्या डबीशी नव्हतंच.

शुक्रवारी दुपारी फोन वाजला.

"आई."

"बोल."

मागे ऑफिसातला गलका ऐकू येत होता. तो चाचरत म्हणाला, "रिकामी आहेस का? म्हणजे... बघू का तुला जरा?"

बाईंनी डोळ्याला पदर लावला. राग गेला नव्हता, पण त्याने विचारलं होतं.

"आणि उद्याची गाडी?"

"उद्या जेवायला येतो. जेवून परत जाऊ."

"दोघंही या. आणि थांब आता, जोडते," बाई म्हणाल्या, आणि कॉम्प्युटर लावला; पान लगेच उघडलं, तरी चिरंजीवांना मुद्दाम थोडं ताटकळत ठेवलं.