आत्याचा मान

कन्हेरीच्या नकोशीला नाव बदलून घ्या म्हणणारे पुष्कळ भेटले. ती घरातली चौथी मुलगी. आता पुरे, पुढचा मुलगा दे, हे देवाला कळावं म्हणून तिच्या आईने, सारजाबाईने, हे नाव ठेवलं. पाठोपाठ दादासो जन्मला आणि घरादाराची खात्रीच पटली. पुढे नकोशी इंदापूरच्या ज्युनिअर कॉलेजात इतिहास शिकवायला लागली, तेव्हा प्राचार्यांनी नाव बदलायचा फॉर्म तिच्यापुढे सरकवला. "बरं दिसत नाही हो, मॅडम." ती म्हणाली, "सर, ज्यांनी ठेवलं त्यांना लाज वाटू दे. मी कशाला पुसू?" बाई तशी सरळ, पण एकदा अडली की अडली.

अकरावीच्या वर्गात ती रोमन सम्राटांना दोन तासांत उरकायची आणि मग त्यांच्या गल्लीबोळात शिरायची. कोपऱ्यावरची भट्टी, सार्वजनिक हौदावर पाण्याला जमणाऱ्या बाया, ऑलिव्हच्या तेलाचे दिवे. त्या दिवशी ती पाळण्यापाशी आली. "मुलगी झाली की आठव्या दिवशी नाव. नाव कसलं, बापाच्या कुळाचंच. ज्यूलियसची ज्यूलिया. दुसरी झाली, तीही ज्यूलिया! मग हाक मारायला थोरली, धाकटी. तिसरी झाली तर तेर्शिया, म्हणजे नुसतं 'तिसरी'. आणि जी घरात नकोच असेल तिला उघड्यावर ठेवून यायचे. बापाला तो हक्कच होता."

"मॅडम, म्हंजे तितंबी नकोश्या व्हत्या की," मागच्या बाकावरची सुप्रिया बोलून गेली आणि लगेच जीभ चावली.

"होत्या," नकोशी म्हणाली. "त्यांचं साम्राज्य कधीच बुडालं. आपलं चालूच आहे." तास संपल्यावरही तिचे कान तापलेलेच होते.

त्याच आठवड्यात दादासोला तिसरी मुलगी झाली. सारजाबाईचा फोन आला. "बारशाला ये. आत्याचा मान तुजा. नाव ठरलंय, नकोशीच ठिवायचं. तुज्या टायमाला गुण आला व्हता."

नकोशीचं डोकं सणकलं. आपलं नाव तिने इतकी वर्षं अंगावर झेललं होतं, ते या बाळाच्या कानात आपल्याच तोंडाने ओतायचं? तिने आईला सांगून पाहिलं, भावाला सांगून पाहिलं. दादासो खाली बघत म्हणाला, "आक्का, आईच्या म्होरं माजं काय चालत न्हाय." तीन लेकरांचा बाप, पण आईपुढे अजून कुक्कुलं बाळ!

बाराव्या दिवशी कन्हेरीच्या घरात बाया जमल्या. गोविंद घ्या, गोपाळ घ्या झालं. रिवाज असा, की आत्याने वाकून बाळाच्या कानात नाव सांगायचं, "कुर्रर्र" म्हणायचं आणि बायांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे. आत्याच्या तोंडून गेलं ते नाव पक्कं. ते परत घेता येत नाही, हे सारजाबाईलाही ठाऊक होतं.

नकोशी वाकली. पण कानात पुटपुटली नाही, साऱ्या घराला ऐकू जाईल असं बोलली. "स्वरूपा! कुर्रर्र!"

एकही धपाटा पडला नाही. बायांचे हात वरच्या वर राहिले. सारजाबाई ओरडली, "अगं भवाने, आता पोरगं कसं व्हायचं?"

"न्हाय झालं तर न्हाय!" नकोशी वाकलेलीच होती. "आई, ही झालीया की! हिला बघ आदी. आन् तुमी गं, बघताय काय? घाला धपाटे, रिवाज हाय न्हवं?"

सगळ्या सारजाबाईच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग पाळण्याच्या पलीकडे पाटावर बसलेली बाळंतीण, मनिषा, भिंतीला धरून उठली. तीन बाळंतपणांत सासूपुढे तिने कधी ब्र काढला नव्हता. आता तिने पदर खोचला आणि नणंदेच्या पाठीत असा सणसणीत धपाटा घातला, की आवाज पार अंगणात गेला.