विहीणबाईंनी धरलेले पाय

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगते. मध्येच अडखळले तर लाजतेय असं समजू नका. लाजणं माझ्या स्वभावात नाही. आमच्या लिंबागणेशात कुणालाही विचारा, माझ्या तोंडी कुणी लागत नाही.

लेकीचं पहिलं बाळंतपण माझ्याकडे झालं. शेकशेगडी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर — कशात म्हणून कमी केलं नाही. बाळंतपण करावं तर मीच, असं मला तेव्हाही वाटायचं. तर एका दुपारी ती बाळाकडे पाठ करून म्हणाली, "आई, हे लेकरू मला माझं वाटतच न्हाई. कुठंतरी निघून जावं वाटतंय."

मी काय केलं? आधी दार लावलं. म्हणाले, "ओल्या बाळंतिणीनं असं बोलू न्हाई. रडलीस तर लेकराला बाधंल. अन् सासरी कळलं तर येडी म्हणून परत धाडतील."

त्यानंतर ती माझ्यासमोर रडली नाही. बरी झाली, असं मी धरून चालले. खरंच तसं वाटलं होतं का मला? — नाही. बाळाला पाजताना ती भिंतीकडे बघत बसायची, ते मला रोज दिसत होतं.

सव्वा महिन्यानं सासरची माणसं युसूफ वडगावहून न्यायला आली. विहीणबाईंनी आपणहून विचारलं, "पोरगी लई गप गप हाय. काय होतंय का तिला?"

मी हसले. "कुठं काय! लाजाळू हाय ती."

थोड्याच दिवसांत, बाळाला पाळण्यात ठेवून, माझी लेक विहिरीच्या काठावर जाऊन उभी राहिली. विहीणबाईच मागे धावल्या, त्यांनीच दंडाला धरून तिला माघारी आणलं. दवाखाना, गोळ्या, उशाशी बसणं — सगळं त्यांनी केलं. लेक आज हसती-बोलती आहे ती त्यांच्यामुळे.

आणि मी? निरोप मिळाल्यावर गेले, अन् गल्ली गोळा झालेली असताना त्यांच्या अंगणात ओरडले, "माझी पोर धडधाकट दिलती! तुमी काय केलं तिचं?"

लेक आतच होती. तिनं सगळं ऐकलं. आजवर तिनं तो विषय काढलेला नाही.

विहीणबाई मुलाची आई — आमच्यात मान त्यांचा. तरी त्या चारचौघांत वाकल्या, माझे पाय धरले, "चुकलं आमचं" म्हणाल्या.

मी पाय मागे घेतले नाहीत.