वर न गेलेला हात

ध्वनिमुद्रणाच्या त्या खोलीच्या चारी भिंतींवर गोधड्या टांगलेल्या आहेत. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून सुजाताच्या आईने त्या हाताने शिवून दिल्या. जवळची कापसाची जिनिंग मिल सुरू होण्याआधी काम आटोपावे, यासाठी मी संध्यावंदन उरकून सकाळी सहालाच तिथे पोहोचत असे. त्या दिवशीही कानांवर हेडफोन चढवून, धड्याचे कागद समोर मांडून मी सुजाताची वाट पाहत बसलो होतो. ती दोन दिवस रुग्णालयात होती. आज सुट्टी मिळणार, परस्पर इकडेच येते, असा तिचा निरोप होता. बाहेरच्या खोलीत माणसे रडत होती म्हणे. गोधड्यांच्या आत मला काहीच ऐकू आले नाही. दार उघडून श्रीनिवास आला. संस्थेची सारी यंत्रे सांभाळणारा हा निर्मल गावचा तेलुगू तरुण. त्याने माझ्या कानांवरचा हेडफोन स्वतःच्या हाताने उतरवला आणि म्हणाला, "सार... मॅडम राहिल्या नाहीत." मी हातातले कागद कितीतरी वेळ एकाखाली एक नीट लावत राहिलो.

त्याला आता सहा आठवडे होतील. ज्यांनी तिला पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. सुजाता माझी विद्यार्थिनी. आदिलाबाद जिल्ह्यातल्या बाजारहत्नूरजवळच्या खेड्यातल्या शेतमजूर बौद्ध कुटुंबातली ही मुलगी वसतिगृहात राहून मुधोळला शिकली. तिथल्या शाळेत मी संस्कृत आणि मराठी शिकवत असे, शिक्षक कमी पडले की विज्ञानही. ती शेवटच्या बाकावर, खिडकीच्या कडेला बसे. कधी काही विचारले नाही, कधी गडबड केली नाही. तिच्या प्रगतिपुस्तकावर मी 'शांत व समजूतदार' असा शेरा लिहिला होता. पुढे ती शिक्षिका झाली. घरची बोली एक, शाळेची तेलुगू दुसरी आणि पुस्तकातली भाषा तिसरीच, यांच्या मधल्या वाटेत पोरे हरवतात हे तिने रोज पाहिले, आणि एके दिवशी नोकरी सोडून तिने ही संस्था काढली. आवाजाचे आणि चित्रांचे धडे तयार करायचे, ते एका छोट्या पेटीत भरायचे आणि ती पेटी गावच्या शाळेत नेऊन ठेवायची. इंटरनेट नसले तरी पेटीभोवती बसलेल्या मुलांच्या टॅबवर धडे उतरत. निवृत्तीनंतर मी आदिलाबादला मुलाकडे राहायला आलो, तेव्हा तिने मला शोधून काढले. "गुरुजी, तुमचा आवाज पाहिजे." मी आनंदाने होकार दिला. पहिली चाचणी ऐकून ती म्हणाली, "आवाज देवळातला आहे तुमचा. पोरं हात जोडून बसतील, मग शिकतील कधी?"

संस्थेचा नियम एकच होता. कोणताही धडा शाळेत जाण्याआधी गयाबाईंनी ऐकायचा. गयाबाई म्हणजे सुजाताची आई. शाळेची पायरी कधी न चढलेल्या, उभे आयुष्य लोकांच्या शेतात निंदणी-वेचणी करण्यात गेलेल्या. दर गुरुवारी सुजाता टॅब घेऊन गावी जाई. अंगणातल्या बाजेवर गयाबाई हेडफोन लावून, डोळे मिटून बसत आणि जिथे समजले नाही तिथे उजवा हात वर करीत. हात वर झाला की धडा परत. त्यावर अपील नाही.

माझा पहिला धडा बाष्पीभवनाचा होता. मी तो फार निगुतीने लिहिला होता आणि निकाल ऐकायला मुद्दाम सोबत गेलो होतो. दुसऱ्याच वाक्याला हात वर झाला.

"काय समजलं नाही, गयाबाई?" मी विचारले.

"ते द्रव का काय म्हनलं ना तुमी. आमी पानी म्हनतो."

"पाणी हा एक द्रव आहे."

"मंग पान्यानं तुमचं काय बिघडवलं, गुरुजी?"

सुजाता ओढणी तोंडावर धरून हसत होती. मला हसू आले नाही. धडा सुधारला, पुन्हा हात वर झाला. चौथ्यांदा परत आला तेव्हा मी सरळ गाडीत जाऊन बसलो, आणि नंतरचे आठ दिवस संस्थेकडे फिरकलो नाही. नवव्या दिवशी सुजाता घरी आली. खुर्ची दिली तरी ओट्याच्या पायरीवरच बसली. सुनेने चहा आणून दिला.

"रागावलात काय, गुरुजी?"

"रागाचा प्रश्न नाही," मी म्हणालो. "जिने अक्षर पाहिलेले नाही तिने माझे पाठ तपासावेत..." ते वाक्य मला पुरे करवले नाही. समोर तिचीच मुलगी बसली होती.

सुजाताने कप खाली ठेवला. तिचा आवाज जराही चढला नाही. "तुमच्या वर्गात मी चार वर्षं बसले, गुरुजी. अर्धं समजत नव्हतं. एकदाही हात वर केला नाही. सगळ्यांसमोर उभं राहून नाही समजलं म्हणायचं, एवढी छाती कुठून आणू? तुम्ही शेरा लिहिला, शांत व समजूतदार. घरी आईनं तो दुसऱ्याकडून तीनदा वाचून घेतला... मी तेव्हा वर केला नाही ना, तोच हात आई करते." मग पायरीवरून उठत म्हणाली, "आणि चहात साखर कमी आहे. माझ्यावरचा राग चहावर काऊन काढता?"

त्या संध्याकाळी देवापुढे बसलो, पण जपात मन लागेना. माझ्या वर्गातली शांतता ही माझ्या विद्येची पावती आहे, असे मी आयुष्यभर मानत आलो होतो. त्या शांततेत किती हात मांडीवर दाबून ठेवलेले असतील, हे मला या वयात, माझ्याच विद्यार्थिनीकडून कळावे! सकाळी जाऊन मी तो धडा चुलीवर ठेवलेल्या पाण्यापासून सुरू केला. गुरुवारी गयाबाईंचा हात खालीच राहिला, आणि परीक्षेत पास झालेल्या पोरासारखा मी घरी परतलो.

तेव्हापासून आमचे सूत जमले ते कायमचे. वसंत पंचमीला मी बासरला सरस्वतीच्या दर्शनाला जातो. लहानग्यांच्या हाताला धरून तिथे पहिले अक्षर गिरवून घेतात. तिथून मी दरवर्षी तिच्यासाठी पाटीवरची एक पेन्सिल आणत असे. "पेन्सिल घेते, गुरुजी. नमस्कार तेवढा माझ्या वाटचा तुम्हीच करून आला असाल," ती म्हणे आणि टेबलावरच्या बुद्धमूर्तीशेजारी पेन्सिल ठेवून देई. श्रद्धेवरून आम्ही कधी वाद घातला नाही. वाद होई तो शब्दांवरून, आणि त्याचा निवाडा बाजेवर होई.

अलीकडे हृदयाच्या विकाराने तिला जिना चढणेही जड जाऊ लागले होते. शाळा उघडायच्या आधी धडे साचले की सहकारी म्हणत, या वेळी आईंना न ऐकवता पाठवू. ती मान हलवी. "धडा उशिरा आला हे पोरं विसरतील. समजला नाही हे जन्मभर लक्षात ठेवतील, माझ्यासारखं." तिचा अखेरचा धडा सावलीविषयी होता. माझा घसा बसला होता म्हणून तो तिने स्वतःच्या आवाजात मुद्रित केला. मधे दोनदा थांबून पाणी प्यायली. तो गावी नेण्याचा गुरुवार मात्र तिच्या हाती लागला नाही.

तिच्या जाण्यानंतर गयाबाईंनी हेडफोन भिंतीच्या खुंटीला अडकवला तो अडकवलाच. श्रीनिवास दोनदा जाऊन हात हलवत परतला. "जिच्यासाठी आयकत व्हती तेच गेली," त्या त्याला म्हणाल्या. "आता धडा परत कोनाकडं पाठवू?" शाळा उघडायला थोडे दिवस उरले होते. श्रीनिवास संकोचून म्हणाला, "सार, यावेळी एखाद्या शिकलेल्या माणसाकडून तपासून घ्यायचं का?" त्याचे काही चुकत नव्हते. पण एकदा असे झाले की तो हात पुन्हा वर होणार नाही, आणि सुजाताने उभे केलेल्या कामातले तिचे असे काही उरणार नाही, हे मला स्पष्ट दिसत होते. मी म्हणालो, "येत्या गुरुवारी मी येतो."

गयाबाई बाजेवरच बसल्या होत्या. मी समोर बसून सांगितले, "हा सुजाताचा धडा आहे. तुम्ही ऐकल्याशिवाय तो शाळेत जायचा नाही, हा तिचाच नियम. नको असेल तर तसाच परत नेतो." उठून खुंटीवरचा हेडफोन त्यांनी स्वतःच काढला. डोळे मिटले. आत काय चालले होते ते आम्हाला ऐकू येत नव्हते. त्यांच्या ओठांची किंचित हालचाल तेवढी दिसत होती. आता त्या कोसळतील, या भीतीने श्रीनिवास पुढे सरकला. त्यांनी उजवा हात वर केला.

"इथं नाही समजलं."

"काय, अम्मा?" श्रीनिवासने विचारले.

"सकायची सावली लांब, अन् दुपारची पायाखाली, म्हनून राह्यली. पन काऊन, ते सांगितलंच नाही." त्यांनी हेडफोन थोडा सैल केला. "घाई केली तिनं इथं. दम लागला व्हता तिले..."

"राहू द्या ना, अम्मा. मॅडमचा शेवटचा धडा आहे."

"माही पोरगी हाय म्हनून पास करू काय?" डोळे पुसत त्या जवळजवळ ओरडल्याच. "पोराईले समजलं पायजे." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तेवढंच तुमी सांगा, गुरुजी. बाकी तिचंच राहू द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी, मिल सुरू होण्याआधी, त्या गोधड्यांच्या खोलीत मी ते एकच वाक्य बोलायला बसलो. माझे पहिले वाक्य 'तिरकस किरणां'पाशी परत आले, दुसरे 'कोना'पाशी. सावलीचा धडा त्यामुळे शाळांत उशिरा पोहोचला, आणि त्याचे कुणाला दुःख झाले नाही. तिसऱ्या गुरुवारी मी दिव्याची गोष्ट सांगितली: दिवा जमिनीवर ठेवला तर तांब्याची सावली भिंतीपर्यंत जाते, तोच दिवा तांब्याच्या डोक्यावर धरला तर सावली बुडाशी गोळा होते. आधी सुजाताचा आवाज, मधे माझे ते वाक्य, मग पुन्हा तिचा आवाज. गयाबाईंनी शेवटपर्यंत ऐकले. हात मांडीवरच राहिला.

मी टॅब घ्यायला हात पुढे केला, तर त्यांनी टॅब धरून ठेवला आणि श्रीनिवासला धडा पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितले.

"समजला ना?" मी विचारले.

"समजला," हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर घट्ट धरत त्या म्हणाल्या. "आता नुसतं आयकते."